ताट नव्हे, सुई वेगळी ठेवा

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. शनिवार होता. भद्रा मारुतीच्या दर्शनाला रात्रभर पायी चालून आलेल्यांची दवाखान्यात गर्दी होती. कुणाच्या पायाला फोड, कुणाला उपाशीपोटी चक्कर. त्या गर्दीत साठीच्या एक बाई आपल्या सुनेला घेऊन कोपऱ्यात बसून होत्या. नंबर येऊनही उठेनात. सगळे गेल्यावर पुढे आल्या आणि पदराच्या गाठीतून चार घड्या घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

सुनेला सातवा महिना होता. गरोदरपणात करतात त्या तपासण्यांचा तो कागद. त्यातल्या एका ओळीभोवती लाल शाईने गोल केला होता : एचबीएसएजी पॉझिटिव्ह. ज्यांनी तपासणी केली त्यांनी 'हिला बी कावीळ आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा' एवढेच सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

"डॉक्टरसाहेब, कावीळ म्हणतेत, पण हिचे डोळे तर पांढरे हायेत," बाई म्हणाल्या. "माळ घालून झाली. ताट-तांब्या वेगळा केला. खाट पडवीत टाकली. आता लेकरू झाल्यावर ते हिच्याजवळ द्यावं का नाही, तेवढं सांगा."

सून खाली मान घालून बसली होती. तिला मी काही विचारण्याआधीच तिने विचारले, "मला हे कशानं झालं?" या प्रश्नात आजाराच्या भीतीपेक्षा आळाची भीती जास्त होती, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

हा लेख त्या दोघींच्या प्रश्नांसाठी लिहीत आहे. कारण असे कागद घड्या घालून पदरात बांधणाऱ्या बाया आपल्या तालुक्यात आणखीही असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे ३ कोटी लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस बी चा विषाणू होता. त्यातल्या बहुतेकांना त्याची कल्पना नाही.

कावीळ एक, कारणे अनेक

कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. डोळे पिवळे होतात, लघवी पिवळी होते, म्हणजे यकृताचे काहीतरी बिघडले आहे. कशामुळे बिघडले, हे निराळे पाहावे लागते.

पावसाळ्यात गावात जी काविळीची साथ येते ती बहुधा 'ए' किंवा 'ई' विषाणूची. ती दूषित पाण्यातून व अन्नातून येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गरोदर बाईला मात्र 'ई' ची कावीळ जिवावर बेतू शकते. आपोआप बरी होते म्हणूनच त्या काविळीत माळेला यश येते. डोक्यावर ठेवलेली माळ उतरत उतरत पायापर्यंत येते, त्याच सुमारास कावीळही उतरते आणि श्रेय माळेला मिळते. माळेने निदान अपाय होत नाही. नाकात औषध सोडणे, डाग देणे, कसल्यातरी मुळ्यांचा काढा पाजणे यांनी मात्र होतो. आजारी यकृतावर अनोळखी औषधाचा भार टाकणे म्हणजे लंगड्या बैलाच्या गाडीत आणखी चार पोती चढवणे.

'बी' ची गोष्ट वेगळी आहे. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. मोठ्या माणसाला झाला तर १०० पैकी ९५ जणांचे शरीर त्याला हुसकावून लावते. पण जन्मताना बाळाला लागला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. मग वीस-तीस वर्षे डोळे पिवळे होत नाहीत, भूक मरत नाही. आत यकृत मात्र झिजत असते. काहींमध्ये त्याचा शेवट सिऱ्हॉसिस किंवा यकृताच्या कर्करोगात होतो. 'डोळे पांढरे आहेत, मग कावीळ कसली?' या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

दोष कुणाचा?

मी सुनेच्या आईला व भावाला तपासणीला बोलावले. दोघेही पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे हा विषाणू बहुधा जन्मासोबतच मुलीच्या अंगात आला होता. ती जन्मली तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. तिच्या चारित्र्याशी या कागदाचा काही संबंध नव्हता.

मग आईला कोठून आला? ते आता सांगता येणार नाही. पण येथे मला स्वतःबद्दल थोडे लिहिले पाहिजे.

१९८८ साली मी खुलताबादला दवाखाना टाकला. त्या काळी काचेची सिरिंज आणि स्टीलची सुई असे. ती स्टोव्हवरच्या डब्यात उकळायची. नियम पूर्ण वेळ उकळण्याचा होता. पण आठवडी बाजाराच्या दिवशी शंभर पेशंट बाहेर, प्रत्येकाला सुई हवी, सुया मोजक्या आणि स्टोव्हला रॉकेल नाही. पाण्याला आधण येण्याआधीच सुई चिमट्याने बाहेर यायची. एकाच्या दंडातून निघालेली सुई गरम पाण्यातून फिरवून दुसऱ्याच्या दंडात, हे माझ्या हातून झालेले आहे. माझ्याबरोबरीच्या अनेकांच्या हातून झालेले आहे. त्यातल्या बहुतेक पेशंटना साधा ताप-खोकला होता आणि इंजेक्शनची गरजच नव्हती. मी कुणाला हा विषाणू दिला का, हे मला कधीही कळणार नाही. पण त्या आईचे वय पाहून माझ्या मनात जे आले ते लपवण्यात अर्थ नाही.

डिस्पोजेबल सुया आल्या म्हणून हा प्रश्न संपला असे कुणी समजू नये. २००९ साली शेजारच्या गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यात मोडासा येथे हिपॅटायटिस बी ची साथ आली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे उघड झाले. शेकडो लोक आजारी पडले आणि अनेक दगावले. एकदाच वापरायची वस्तू दोनदा वापरली तर ती काचेच्या सिरिंजपेक्षाही वाईट, कारण ती उकळलीही जात नाही.

रक्ताचे तसेच. अमिताभ बच्चन यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९८२ साली 'कुली'च्या चित्रीकरणात त्यांना जबर इजा झाली. प्राण वाचवायला सुमारे २०० दात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून हा विषाणू शरीरात शिरला, आणि ते कळायला सुमारे वीस वर्षे गेली. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता. त्यांनी हे स्वतः लोकांना सांगितले आणि २०१७ साली या आजाराविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेचे सदिच्छादूत झाले. उरलेल्या पाव यकृतावर ते काम करीत राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला हा आजार सांगायला लाज वाटली नाही, तर आपल्या लेकीसुनांना का वाटावी?

काय वेगळे ठेवायचे, काय नाही

एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने, शेजारी झोपल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने हा विषाणू पसरत नाही. तेव्हा ताट-तांब्या वेगळा करून फक्त माणूस तुटतो, आजार तुटत नाही.

वेगळे ठेवायचे ते रक्ताशी संबंध येणारे सर्व. दाढीचे ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश. न्हाव्याकडे नवे ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत लावून घ्या. उरुसात आणि जत्रेत गोंदणारे बसतात, एकाच सुईने ओळीने दहा जणांच्या हातावर नावे गोंदतात. तिथे हात पुढे करू नका. नाक-कान टोचतानाही सुई नवी आहे का, हे विचारा. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो, हे लक्षात ठेवा.

आणि दवाखान्यात गेल्यावर 'एक सुई मारा की साहेब' म्हणू नका. गोळीने भागत असेल तर गोळीच चांगली. सुई हवीच असेल तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. जो डॉक्टर याचा राग मानेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

पहिले चोवीस तास

या आजाराची लस आहे, आणि ती उत्तम आहे. डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात या विषाणूचा माग लागला. म्हणूनच जुने डॉक्टर आजही 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात. त्यांना १९७६ साली नोबेल मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे ही लस आधी बाहेरून येई आणि शेकडो रुपयांना पडे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशात तयार केली आणि किंमत खाली आली. त्या सुमारास गावोगावी झालेली लसीकरण शिबिरे वाचकांना आठवत असतील. 'एड्सपेक्षा भयंकर' अशा फलकांनी लोकांना घाबरवून रांगा लावल्या गेल्या. लस मिळाली हे चांगले झाले, पण ती भीतीही मागे राहिली. अनेकांचा सहा महिन्यांनी घ्यायचा तिसरा डोस राहिला तो राहिलाच.

आज बाळांना ही लस सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते. पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांच्या आत, आणि नंतर ६, १० व १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. यातला पहिला डोस सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच चुकतो. बाळंतपण रात्री झाले, सुट्टी होती, घरीच झाले, 'सव्वा महिन्यानंतर बघू' असे सासूबाई म्हणाल्या, कारणे अशी. म्हणून बाळाच्या आजीला माझी विनंती आहे. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावता, जरूर लावा. पण त्याआधी नर्सबाईंना विचारा, 'काविळीचा पहिला डोस दिला का?' आणि कार्डावर तारीख पाहूनच घरी या.

आजारासोबत जगणे

पॉझिटिव्ह म्हणजे मरण नव्हे. प्रत्येकाला औषध लागतेच असेही नाही. रक्तात विषाणू किती, यकृताची सूज किती, सोनोग्राफी काय सांगते, हे पाहून तज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. औषध लागलेच तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोज एक गोळी. बहुतेकांत ती विषाणूला समूळ घालवत नाही, पण दाबून ठेवते, आणि यकृत वाचते. रक्तदाबाच्या गोळीसारखी ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून मनाने बंद केली तर आजार एकदम उसळू शकतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. चौकशी ग्रामीण रुग्णालयापासून सुरू करावी.

दारू पूर्ण बंद. हळद पिवळी म्हणून भाजीतली हळद बंद करण्याचे कारण नाही. घरचे साधे जेवण पुरे. औषध असो वा नसो, दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नये. नवरा-बायको, मुले, भावंडे सर्वांची तपासणी करावी आणि जे निगेटिव्ह असतील त्यांनी लसीचे तिन्ही डोस घ्यावेत. आखाती देशात नोकरीला निघालेल्या काही तरुणांना हा आजार पहिल्यांदा वैद्यकीय तपासणीत कळतो आणि तिथेच त्यांचा व्हिसा अडतो. ते निराश होऊन कागद फाडून टाकतात. नोकरी गेली तरी यकृत जवळच आहे, ते सांभाळले पाहिजे.

आता माझ्या व्यवसायबंधूंना दोन शब्द. लाल शाईचा गोल काढणे म्हणजे निदान सांगणे नव्हे. अशा पेशंटला दहा मिनिटे द्या. केसपेपरवर आणि खाटेवर सर्वांना दिसेल असा शिक्का मारू नका. हातमोजे आणि नवी सुई प्रत्येक पेशंटसाठी असते, पॉझिटिव्हसाठी वेगळी नसते. आपण बोललो नाही, तर ती जागा अफवा भरून काढते आणि एखाद्या सुनेची खाट पडवीत जाते.

त्या मुलीला मी घाटीत पाठवले. विषाणूंची संख्या बरीच निघाली, म्हणून शेवटचे तीन महिने तिला गोळी दिली गेली. बाळंतपण रुग्णालयात झाले. बाळाला काही तासांतच लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन मिळाले. आईने बाळाला पहिल्या दिवसापासून अंगावर पाजले. या आजारात पाजायला हरकत नसते. बाळ वर्षाचे होत आले तेव्हा त्याचे रक्त तपासले. निगेटिव्ह आले. आजीपासून आईकडे आलेली साखळी तिथे तुटली.

रिपोर्ट घ्यायला सासूबाईच आल्या होत्या. मी विचारले, "सूनबाईंची खाट कुठे आहे आता?"

"घरात," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तिला बाहेर टाकली, त्याचं मला अजून वाटतं."

मलाही माझ्या सुयांचे वाटते. वाटून गेलेले परत येत नाही. पुढच्या बाळाचे चोवीस तास मात्र आपल्या हातात आहेत.