चौघांचे दुखणे, एकाचे नाव

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-सुना आज अमेरिकेत संसार करीत आहेत. तेव्हा तेथील वैद्यकीय हिशेबाची पद्धती आपल्या माजघरास अगदीच परकी राहिलेली नाही. तापखोकल्याचे बिल कोणासही समजते. परंतु सबंध कुटुंबास एकत्र बसवून मानसिक विकारांवर जे उपचार करतात, ज्यांस तिकडे ‘फॅमिली थेरपी’ म्हणतात, त्यांचे बिल वाचताना चांगली शिकलेली माणसेही गोंधळतात. आणि हा गोंधळ केवळ पैशांचा नसतो.

अशी कल्पना करा की, पंधरा वर्षांचा मुलगा शाळेत जाईनासा झाला आहे, आईबापांत अबोला आहे, आणि पाहुणी आलेली आजी मध्ये पडून वाद वाढवीत आहे. चिकित्सक चौघांसही समोर बसवितो. उपचार खरोखर चौघांवर चालतो. पण विमा कंपनीच्या कागदावर चौघांस जागा नाही! तेथे रुग्ण एकच लागतो. त्याच्या नावे रोगनिदान लिहावे लागते, आणि बैठक त्याच्याच रोगाकरिता आवश्यक होती असे नोंदीवरून दिसावे लागते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने यासाठी अंक ठरवून दिले आहेत. रुग्णासह बैठक झाल्यास ९०८४७, त्याच्या गैरहजेरीत झाल्यास ९०८४६. दोहोंचा वेळ ५० मिनिटांचा धरतात; २६ मिनिटांच्या आत आटोपलेल्या बैठकीस यांपैकी एकही अंक लावता येत नाही.

नवराबायकोचे पटत नाही, यासही निदानाच्या यादीत झेड ६३.० हा अंक आहे. मात्र तो रोग नव्हे. म्हणून केवळ तेवढ्यावर पुष्कळ विमा कंपन्या पैसे देत नाहीत. अशा वेळी मुलाचे नाव पुढे करण्याचा मोह आईबापांस होणे स्वाभाविक आहे. नसलेला रोग लिहिणे ही तर उघड लबाडीच. प्रामाणिक चिकित्सक ती करणार नाही. परंतु मुलाची उदासीनता खरी असली, तरी घरच्या भांडणाचा कागद त्याच्या एकट्याच्या नावे तयार होतो, आणि पुढे सज्ञान झाल्यावर तो स्वतःच ती नोंद मागवून वाचू शकतो, हे आधी ध्यानात घेतलेले बरे.

नोंदीही दोन प्रकारच्या असतात. बैठक केव्हा सुरू झाली, केव्हा संपली, कोण हजर होते, निदान काय, प्रगती किती, ही झाली रुग्णाच्या दप्तरातील नोंद. संभाषणाचे बारकावे चिकित्सकाने स्वतःपुरते निराळे टिपून ठेवले, तर १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालील नियमांनी त्यांस अधिक संरक्षण आहे. रुग्णपक्षाच्या लेखी संमतीवाचून विमा कंपनीस ती टिपणे मिळत नाहीत. खर्चाचा खुलासा मात्र बहुधा ज्याच्या नावे विमा असेल त्याच्याकडे जातो. नवऱ्याच्या विम्यावर एकटीने उपचार घेणाऱ्या स्त्रीने हे विसरू नये. सर्व रक्कम स्वतः भरून, ‘कंपनीस कळवू नका’ असे सांगण्याचा हक्क तिला आहे, व २०१३ च्या नियमांप्रमाणे चिकित्सकास ते सहसा मानावे लागते.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारांस विम्यात शारीरिक रोगांच्या बरोबरीने वागविण्यास सांगितले आहे. तथापि पुष्कळ पॉलिसी इस्पितळात दाखल झाल्यावाचून खर्च देत नाहीत. म्हणून अशा बैठकींचे पैसे बहुधा घरूनच जातात.

तिकडे मात्र पहिल्या बैठकीपूर्वीच विचारावे: रुग्ण म्हणून कोणाचे नाव लागणार? निदान कोणते? खुलासा कोणाच्या हाती पडणार? मुलाचे नाव लागणार असेल, तर ते त्यास आईबापांनीच सांगावे. कारकुनाच्या खिडकीपाशी कळू देऊ नये. आजीचे काय, म्हणाल, तर तिचा विमा नसला तरी ती बैठकीस बसू शकते. तिचे निराळे बिल होत नाही. ती हजर होती, एवढे मात्र नातवाच्या दप्तरात लिहिले जाते.