रेघेचा हिशेब

ज्या विजेच्या खांबावर पूर्वी मूळव्याधीचा बिनऑपरेशन इलाज आणि ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ या दोनच शास्त्रांना जागा होती, त्या खांबावर आता तिसरं पत्रक चिकटलं आहे : ‘पंधरा दिवसांत ऑटोकॅड! बोर्ड नको, पेन्सिल नको!’ मूळव्याधीवर मला अधिकारवाणीनं बोलता येत नाही, इंग्रजीवर बोललो तर आमचे मॅनेजर हसतील; पण या तिसऱ्या पत्रकाशी माझं भांडण आहे, आणि ते मी इथं चारचौघांत काढणार आहे.

तुम्ही म्हणाल, बँकेतला कारकून, बी.कॉम. माणूस, त्यानं आपल्या नोटा मोजाव्यात. त्याला टी-स्क्वेअरशी काय करायचंय? सांगतो. अंकुशनगर म्हणजे जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. इथला पैसा उसाच्या मोळीतून येतो आणि सिमेंटच्या गोणीत जातो. उसाचं बिल खात्यावर पडलं की माणसाला आधी लग्न सुचतं आणि मग घर. (लग्न होऊन गेलं असेल तर थेट घर.) घर म्हटलं की कर्ज, कर्ज म्हटलं की फाइल, आणि फाइल म्हटली की तिच्यात घडी घालून ठेवलेला नकाशा. ती घडी उलगडणं हे माझं काम. गेल्या काही वर्षांत इतके नकाशे उलगडले, की दसऱ्याला आपट्याच्या पानांऐवजी त्यांचीच लूट करावी.

आणि त्या नकाशापुढे बसलेला कर्जदार? ऐका :

“काका, हा जिना बघितलात का?”

“कुठंय?”

“ह्या काय, ह्या रेघा.”

“त्या व्हय? मला वाटलं खिडकीचं गज हायेत.”

“अहो, खाली सही केलीय तुम्ही!”

“सही तर केलीच की साहेब. पोरगं म्हणलं, जिथं फुली हाय तिथं करा.”

हसू नका. उसाच्या वजनात काट्यावर दहा किलोचा फरक पडला तर हाच माणूस चेअरमनच्या गाडीपुढे आडवा होईल. पण पंधरा-वीस लाखांच्या कागदावर तो फुली बघून सही करतो. त्याचा पदवीधर मुलगाही तेच करतो. फार तर ‘स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना?’ एवढं विचारतो आणि घडी घालतो. पूर्वी अंगठा उठवणाऱ्याला आपण निरक्षर म्हणायचो. नकाशापुढे आपण सगळेच अंगठेबहाद्दर आहोत, फक्त अंगठ्याऐवजी बॉलपेन आहे.

आता खरा राग पुढे आहे. वाचणाऱ्याला वाचता येत नाही, हे एक वेळ चालेल. पण पंधरा दिवसांत तयार झालेला हा नवा नकाशेवाला, यालाही वाचता येत नाही! तो लिहितो, पण वाचत नाही. म्हणजे उत्तम टायपिंग येणारा, पण अक्षरओळख नसलेला कारकून समजा. असा कारकून आमच्या बँकेत अजून आलेला नाही (यावर आमच्या हेड ऑफिसचं मत वेगळं असू शकेल).

मी हे ऐकीव बोलत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त ड्राफ्ट्समन राहतात. उभी हयात ड्रॉइंग-बोर्डावर वाकून गेल्यामुळे ते चालतानाही तीस अंशांत चालतात. त्यांच्याकडे मी एक उन्हाळाभर, संध्याकाळी, रीतसर शिकलो. पहिला धडा कागद चिकटवण्याचा. टी-स्क्वेअरला समांतर आला पाहिजे. कागद तिरका तर जग तिरकं. दुसरा धडा पेन्सिलीचा. हलक्या रेघांना 2एच, अक्षरांना एचबी. आणि टोक असं, की डास बसला तर त्यालाच चावलं पाहिजे. तिसरा धडा रेघांच्या जातींचा. दिसणारी कड ठळक अखंड, आड गेलेली कड तुटक, आणि मध्यरेषा लांब-तुकडा-लांब-तुकडा, म्हातारबुवांच्या गोष्टीसारखी. चौथा धडा अक्षरांचा. इथं मी कुरकुरलो, तर ते म्हणाले, “आपल्याच जिल्ह्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास घातलाय. एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. ओळी सरळ, अंतर सारखं, अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वळणाचं. ज्यांना परब्रह्म सांगायचं होतं त्यांना समास सोडायला लाज वाटली नाही, आणि तुम्हाला बँकेत वेळ नाही?” मी मुकाट्यानं ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत काढायला बसलो.

पण खरी गंमत पाचव्या धड्यात होती. एकाच वस्तूची तीन चित्रं काढायची : समोरून, वरून आणि बाजूनं. आपल्याकडच्या पद्धतीत वरून दिसणारं चित्र खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. जावयाला घरजावई करून मुलीला सासरी पाठवावं, तसं काहीतरी! पण मी कॉमर्सचा. जिथं येणाऱ्याला नावे टाकतात आणि देणाऱ्याला जमा, त्या मुलखातून आलेल्याला हे नवीन नाही. आणि मग लक्षात आलं की हे नुसतं सारखं नाही, हे तेच आहे! लांबी समोरच्या चित्रातही असते आणि वरच्या चित्रातही. उंची समोरच्या आणि बाजूच्या. रुंदी वरच्या आणि बाजूच्या. प्रत्येक माप दोन ठिकाणी! वाचकहो, ही द्विनोंदी पद्धत आहे! इटलीतल्या पाचोली नावाच्या साधूनं 1494 साली हिशेबाची द्विनोंदी पद्धत छापली, आणि फ्रान्समधल्या गास्पार मोंजनं अठराव्या शतकाच्या अखेरीस वस्तू कागदावर मांडायची ही विद्या शास्त्रशुद्ध केली. (आधी ती फ्रेंच लष्करानं किल्ल्यांच्या कामासाठी गुपित म्हणून दडवून ठेवली होती.) दोघांचं सांगणं एकच : एक नोंद खोटं बोलू शकते, दोन नोंदी जुळवून पाहा.

हाताने काढताना हे जुळवणं तुम्हालाच करावं लागतं. समोरच्या चित्राच्या प्रत्येक कोपऱ्यातून एक फिकट रेघ खाली सोडायची, एक बाजूला न्यायची. ती दुसऱ्या चित्रात जिथं जायला हवी तिथं गेली नाही, की चोरी उघडी. रोजच्या रोज रोकड जुळवण्यासारखं. आणि ते पाच-पन्नास वेळा केलं की एक दिवस तीन सपाट चित्रांतून एकदम अख्खी वस्तू उठून उभी राहते, डोळ्यांसमोर, बिनविजेची. हे ‘उभं राहणं’ म्हणजेच ही विद्या. बाकी सगळं स्टेशनरी.

आता माझा भाचा. त्यानं त्याच खांबावरचा नंबर फिरवला, फी भरली, पंधराव्या दिवशी सर्टिफिकेट आणलं. मी त्याच्यापुढे काडेपेटी अर्धवट उघडून ठेवली आणि म्हटलं, “हिची तीन चित्रं काढ.”

“मामा, कॉम्प्युटर कुठंय?”

“कागदावर. नुसत्या हाताने.”

“कागदावर कसं? त्याच्यात रोटेट कुठनं करू?”

पोरगं हुशार आहे, हं. लाइन, ऑफसेट, ट्रिम, मिरर... कमांड भीमरूपीसारख्या पाठ! पण काडेपेटी डाव्या बाजूनं कशी दिसेल, हे त्यानं डोक्यात कधी फिरवूनच पाहिलेलं नाही, कारण फिरवायचं काम यंत्र करतं. यात त्याचा दोष तिळमात्र नाही. ज्यानं फी घेतली त्यानं त्याला गाडीचे गिअर शिकवले आणि रस्ता म्हणजे काय ते सांगितलं नाही.

इथं थांबून दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर बोर्डवाले मला खांद्यावर घेऊन मिरवणूक काढतील. बोर्डवाल्यांत एक पंथ असा आहे, की त्यांच्या मते संगणक आला आणि हस्तकौशल्याचं मातेरं झालं. त्यांना नमस्कार असो. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिल-रेघ एकास शंभर प्रमाणात पाच सेंटिमीटरची होते. म्हणजे नुसत्या रेघेच्या जाडीत अर्धी वीट गायब. मालकाने “हा दरवाजा जरा इकडे घ्या” म्हटलं की पूर्वी ट्रेसिंग-पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडायची, आणि दुसऱ्यांदा दरवाजा हलला की कागदाला भोक. वायरिंग, नळ, बीम एकावर एक थर ठेवून हवे ते लपवायचे, हवे ते दाखवायचे, हे बोर्डावर करायला तुम्हाला चार हात लागतील. अमेरिकेत आयव्हन सदरलंडनं 1963 साली पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ ओढून दाखवली, 1982 च्या अखेरीस ऑटोकॅड आलं, आणि जगाची नकाशे काढायची तऱ्हा बदलली. ती परत फिरणार नाही, फिरूही नये. विद्यार्थ्याला तीन महिने नुसत्या चौकटी आखायला लावणारा मास्तर आणि पंधरा दिवसांत सर्टिफिकेट देणारा क्लास, दोघं एकाच माळेचे मणी. एक पोहायला शिकवायचं म्हणून काठावर हात मारायला लावतो, दुसरा थेट जायकवाडीच्या मध्यावर सोडून देतो.

भांडण यंत्राशी नाही, क्रमाशी आहे. आधी काय आणि मग काय?

आधी बोर्ड, आणि त्याचं कारण भावनिक नाही. कारण असं, की कागद संपतो. पडदा संपत नाही. त्या काकांचाच जिना घ्या. मजल्याची उंची तीन मीटर. एक पायरी पंधरा सेंटिमीटर चढली, तर वीस चढ. मध्ये वळून दोन तुकडे केले, तर एका तुकड्यात दहा चढ, म्हणजे पाय ठेवायच्या नऊ पायऱ्या. प्रत्येकी पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन मीटर. वळायला चौक नव्वद सेंटिमीटरचा. एकूण तीन मीटर पंधरा. आणि जिन्याची खोली? तीन मीटर! बोर्डावर एकास पन्नास प्रमाणात हे काढणारा मुलगा शेवटच्या पायरीला भिंतीवर आपटतो. तीन मिलिमीटर जिना बाहेर. तो डोकं खाजवतो, मास्तरांना विचारतो, शिव्या खातो आणि शिकतो. पडद्यावरचा मुलगा मात्र कुठूनतरी उचललेला तयार जिना आणून टाकतो, तो बसत नाही म्हटल्यावर किंचित दाबतो, आणि झूम मागे घेतो. मागे घेतलं की जगातल्या सगळ्या चुका एका रेघेत मावतात. पुढे गवंडी काय करतो? तो पायऱ्या अरुंद करतो. आणि मग आजी त्या जिन्यावरून आडव्या पावलांनी, खेकड्यासारख्या उतरतात. फाइलमध्ये सगळं मंजूर असतं.

“मग यंत्र सांगत नाही का, चूक आहे म्हणून?” यंत्र विचारलेलं सांगतं. आमच्याकडेही खतावण्या गेल्या, संगणक आला. तो बेरीज कधी चुकत नाही. चुकीच्या खात्यावर टाकलेल्या रकमेचीही तो अचूक बेरीज करतो. ज्याने हाताने ताळेबंद जुळवलाय त्याला आकडा बघून वास येतो. हा वास कुठल्याही कमांडमध्ये मिळत नाही. आणि हे फक्त आपल्या खेड्यापाड्यातलं समजू नका. एअरबसच्या ए-380 या अजस्र विमानाचं बघा. हॅम्बुर्गचे लोक एका सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते आणि तुलूझचे पाचवी. 2006 साली जोडणीच्या वेळी विमानात वायरी ओढायला गेले, तर वायरी तोकड्या! एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त वायर, आणि टोकाला टोक पोचेना. कार्यक्रम दोनेक वर्षं मागे गेला. पडद्यावर दोन्हीकडे सगळं सुबक होतं. दोन नोंदी वेळेवर कुणी जुळवल्या नव्हत्या, इतकंच.

आणि आमच्या मुलांना जायचंय कुठं? वाळूजला, जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत, नाहीतर इथंच कारखान्यावर. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन होतं, गळीत सुरू होतं, आणि मग रात्री दोनला एखादा पाइप फुटला की ऊस बाहेर वाळत बसतो. त्या वेळी ‘जरा लॅपटॉप चालू होऊ द्या’ म्हणणाऱ्याला तिथला फिटर काय म्हणेल, ते छापण्याजोगं नाही. तो खिशातून खडू काढतो, लोखंडी पत्र्यावर तीन चित्रं काढतो, मापं टाकतो, आणि वर्कशॉपमधला टर्नर त्यावरून नग बनवतो. ज्याला ती खडूची चित्रं काढता आणि वाचता येतात त्याची नोकरी टिकते. भोपाळजवळ भोजपूरला अकराव्या शतकातलं एक अर्धवट राहिलेलं शिवमंदिर आहे. त्याच्या आसपासच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले नकाशे आजही दिसतात. मंदिर राहिलं अर्धवट, पण काय बांधायचं होतं ते हजार वर्षांनीही कळतं! आणि फीचे पैसे गेलेच आहेत कुणाचे? ज्या बापाने ते उसाच्या बिलातून काढून दिले, त्याने पोराला पंधरा दिवसांचं नव्हे, पंधरा वर्षांचं पोट मागितलं होतं.

तेव्हा माझ्या मागण्या मी बँकेच्या शिस्तीनं क्रमवार मांडतो. एक : आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात बोर्डही आहे आणि संगणकही, ज्याला खरंच हे करायचंय त्याने तिथं जावं. दोन : क्लास काढायचाच असेल, तर पहिला महिना कागद, पेन्सिल आणि गुण्या, माऊसला कुलूप. तीन : परीक्षा कमांडची नको. मुलाने काढलेलं चित्र सुताराला द्यावं. सुताराने एकही प्रश्न न विचारता ती वस्तू बरोब्बर बनवली, तर पास. चार : एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना मुलं बसतात, त्यातल्या भूमितीच्या पेपराकडे ‘रंग नाहीत म्हणून कंटाळवाणा’ असं बघणं पालकांनी सोडावं. मुलाच्या हातात ही विद्या पहिल्यांदा येते ती तिथंच.

आणि पाचवी मागणी आमच्याच खात्याकडे. कर्जाच्या फॉर्मवर आम्ही आजोबांच्या नावापासून गाईच्या संख्येपर्यंत सगळं विचारतो. त्यात एक ओळ वाढवावी : ‘सदर नकाशा मला काढणाऱ्याने बोटाने दाखवून समजावून सांगितला आहे व जिना कुठे आहे हे मला ठाऊक आहे.’ खाली दोन सह्या, कर्जदाराची आणि नकाशेवाल्याची. आणि फुली कुठेही नको. जागा त्यांची त्यांनी शोधावी.