लोगो नंतर बनवा, आधी घरातलं जुनं लेबल वाचवा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण लोगो आणि पॅकिंगवर बोललो. एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला, तो इथे लिहितोय.

भंडाऱ्यातल्या एका वर्गात एक ताई तांदळाच्या पापडाचं पाकीट घेऊन आल्या होत्या. लोगो मोबाइल ॲपवरून फुकट घेतलेला, दोन हिरवी पानं आणि खाली नाव. त्याच वर्गात आणखी दोघांच्या पाकिटावर तीच दोन पानं! मी सहज विचारलं, "ताई, तुमच्या घरात आधी कोणी धंदा केला होता का?" त्या म्हणाल्या, "सासरे छापखान्यात होते सर. बिडीची लेबलं छापायचे. पेटीभर नमुने होते, घर बांधलं तेव्हा रद्दीत दिले."

मला खरंच वाईट वाटलं. पापडाचा लोगो ॲपवर पुन्हा मिळेल, ती पेटी आता कुठेच मिळणार नाही.

त्या पेटीत काय गेलं?

आपला भाग तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा. गोंदियाही १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. इथली बिडी दूरदूरच्या बाजारात जायची, आणि घेणाऱ्या अनेकांना वाचता येत नसे. म्हणून लेबलावर सहज ओळखता येईल असं चित्र, मोठा आकडा, कधी मालकाचा फोटो, दोन-तीन लिप्यांत नाव आणि नक्कल करणाऱ्यांना दम. आज ब्रँडिंगच्या क्लासला आपण फी भरतो. तोच धडा त्या चार बोटांच्या कागदावर छापलेला होता.

बिडी तब्येतीला वाईटच, त्यात दुमत नाही. ३१ मे २००९ पासून तंबाखूच्या पाकिटांवर चित्रांचा इशारा आला, १ एप्रिल २०१६ पासून तो ८५ टक्के जागेवर आला. ते योग्यच झालं. पण त्यामुळे जुन्या लेबलाची कला आता नव्याने छापून येणार नाही. जे कागद उरलेत, तेवढेच.

हे फक्त बिडीचं नाही. तुमसरकडच्या तांदळाच्या पोत्यांवरचे छाप, भांड्यांच्या दुकानांची जुनी बिलं, दिवाळीनंतरच्या मंडईत लागणारी झाडीपट्टी नाटकांची पोस्टरं, सगळ्यांची हीच गत आहे.

"हे सरकारने करावं ना सर?"

करावं, जरूर करावं. पण वाट बघू नका. कमल शेडगे यांची नाटक-सिनेमाची अक्षरं आज पाहायला मिळतात, कारण त्यांनी स्वतः आपल्या कामाची पुस्तकं काढली. आपल्या लेबलवाल्या चित्रकारांचं तर नावही कागदावर नाही. 'तसवीर घर' हा ऑनलाइन संग्रह २००६ पासून कॅलेंडर, पोस्टर, लेबलं अशी लोकांमधली चित्रं जमवतोय. अमेरिकेत 'पीपल्स ग्राफिक डिझाइन आर्काइव्ह' आहे, तिथे सामान्य माणूसही घरातला नमुना चढवू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे. देशाच्या डिझाइनचा संग्रह मोठ्या शहरातल्या एका इमारतीत पूर्ण होणार नाही. त्यातला भंडाऱ्याचा कप्पा भंडाऱ्याच्या माणसानेच भरायचा आहे.

सुरुवात कशी करायची?

१. स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. नसेल तर मोबाइल, पांढरा पुठ्ठा आणि खिडकीचा उजेड पुरे. फ्लॅश नको. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. मागची बाजूही घ्या.

२. प्रत्येक चित्रासोबत लिहा: कुठे मिळालं, कोणी दिलं, कोणत्या लिप्या आहेत, छापखाना कोणता. छापखान्याचं नाव बहुधा खालच्या कडेला बारीक अक्षरात असतं.

३. साल नसेल तर कागदच सांगतो. पत्त्यात 'सी. पी.' असेल तर साधारण १९५० च्या आधीचं. 'भंडारा, म. प्र.' असेल तर १९५० ते १९५६ मधलं, कारण तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. 'नये पैसे' दिसले तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. तरी 'अंदाजे' हा शब्द लिहाच, जुना साठा पुढे बरीच वर्षं वापरला जायचा.

४. तीन प्रती ठेवा: एक घरी, एक दुसऱ्याच्या घरी, एक ऑनलाइन. विकिमीडिया कॉमन्स आणि इंटरनेट आर्काइव्हवर जागेचे पैसे लागत नाहीत.

इथे घाई करू नका

आपला कागद म्हणजे आपलं चित्र, असं नसतं. चित्रकाराचं नाव माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, नाव माहीत नसेल तर प्रकाशनानंतर ६० वर्षं. ट्रेडमार्क तर दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालू ठेवता येतो. म्हणून अलीकडचं लेबल चढवण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या. तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे, तेव्हा बिडीचं लेबल इतिहास म्हणून ठेवा. ते दुकानात विक्रीसाठी झळकवू नका.

यात धंदा कुठे आहे?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि विचारलाच पाहिजे. जुनी लेबलं टी-शर्टवर छापून विका, असं मी सांगणार नाही. ते चित्र दुसऱ्याचं आहे. संग्रह सगळ्यांसाठी खुला ठेवा आणि पैसे आपल्या कामाचे घ्या. पन्नास वर्षं झालेल्या दुकानाची जुनी बिलं, फोटो, लेबलं नीट स्कॅन करून अल्बम बनवून देणं ही सेवा आहे. इथली अक्षरं आणि रंग अभ्यासून गिरणीवाल्याला, कोसा विणणाऱ्याला, पापडवाल्या ताईंना नवं पाकीट करून देणं हीसुद्धा सेवा आहे. शंभर लेबलं बारकाईने पाहिलेल्या माणसाला दोन हिरवी पानं उसनी घ्यावी लागत नाहीत.

लगेच श्रीमंत व्हाल, असं मी म्हणत नाही. पहिले काही महिने हे फुकटचं काम वाटेल. पण फुकट ॲप वाट बघेल, रद्दीवाला बघणार नाही.

त्या ताईंनी नंतर सासऱ्यांच्या जुन्या सोबत्याचं घर गाठलं. देव्हाऱ्याच्या फळीखाली कागद म्हणून अंथरलेली सहा लेबलं मिळाली. तीन अर्धी फाटलेली. त्यांनी सहाही स्कॅन केली.

या रविवारी एक काम करा. आजोबांची पेटी, फडताळ, माळा उघडा. एकच कागद शोधा, फोटो काढा, मागे काय लिहिलंय ते टिपून ठेवा. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर तो कागद त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "हे कोणी काढलं होतं?"

नाव मिळालं तर आधी ते लिहून घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.