पडद्यावरची तपासणी आणि पावरी बोलणारे मूल

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ ठरवायला आपल्याकडे कधीच वेळ लागला नाही. ते सातपुड्यातील पाड्यावरून आलेले असेल, तर मुळीच नाही. अक्षरांची अदलाबदल होणे, सांगितलेले ध्यानात न राहणे, यांमागे मेंदूच्या कार्यातील अडचण असू शकते व ती चाचण्यांनी तपासता येते. अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्येच घेतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे. धडगाव-मोलगीच्या किती मुलांपर्यंत हा हक्क पोहोचला?

आपल्या जिल्ह्यात तर निकड अधिक. येथील आदिवासी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात बाहेरून काही न दिसता मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होऊन इजा होऊ शकते. मूल चालते-बोलते, फक्त अभ्यास घसरत जातो आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

म्हणून दूरस्थ तपासणीचे मी स्वागतच करतो. मुंबई-पुण्याचा तज्ज्ञ पडद्यावर भेटला, तर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आईबापांची बुडणारी मजुरी वाचेल. प्रश्नोत्तरे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, हे पडद्यावरून बऱ्यापैकी जमते. ठोकळ्यांनी नक्षी जुळवण्यासारख्या चाचण्यांना मात्र मुलाजवळ प्रशिक्षित माणूस हवा. आणि वेळ मोजून घ्यायची चाचणी मध्येच नेट गेल्यावर निरर्थक होते.

माझी खरी शंका भाषेविषयी आहे. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी रचली, ती शाळेत मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी. पुढे अमेरिकेत सैन्यभरतीच्या चाचण्यांवरून स्थलांतरितांचे काही वंशच हीन बुद्धीचे ठरवले गेले. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे विसरता येत नाही.) आपल्याकडे कामत यांनी बिनेची चाचणी कन्नड व मराठी मुलांसाठी बेतली, मालिन यांनी नागपुरात वेक्स्लरची. यांत पावरी वा भिली कोठे आहे? घरी पावरी बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला पडद्यावरून प्रमाण मराठीत शब्दार्थ विचारले आणि ती गप्प राहिली, तर मोजले काय गेले? तिची बुद्धी, की आपली मराठी? जमातीवरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा ज्या देशात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला, तेथे आकड्यांतून मारलेल्या शिक्क्याबाबत आपण सावध असायलाच हवे.

या कामी आपले माजी विद्यार्थी उपयोगी पडतील. परिचारिका, शिक्षक, आरोग्यसेवक झालेल्या ज्यांना पावरी, भिली, मावची येते, त्यांनी तपासणीच्या वेळी मुलाशेजारी बसावे. उत्तर सुचवायचे नाही, प्रश्न सोपा करायचा नाही, याचे प्रशिक्षण त्यांना तज्ज्ञांकडून मिळावे, अशी मागणी आपण आरोग्य विभागाकडे लावून धरू या. शाळेने एक शांत खोली द्यावी. आणि पालकांनी अहवाल हाती येताच गुणांआधी एक गोष्ट विचारावी: माझ्या लेकराला कोणत्या भाषेत तपासले?