माढ्याला कोणता रंग द्याल?

शाळेसाठी इतिहासाचा डिजिटल नकाशा म्हटलं की आम्ही इंजिनिअर आधी स्लायडर टाकतो. साल सरकवा, भगवा पसरतो, हिरवा आक्रसतो. मुलं खूश! पण हा इतिहास नव्हे, स्कोअरबोर्ड आहे.

आमच्या माढ्याचंच बघा. इथला किल्ला राव रंभा निंबाळकरांचा. घराणं मराठा, चाकरी निजामाची. त्यात १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई नि सरदेशमुखी छत्रपती शाहूंकडे गेली. म्हणजे महसुलाचे २५ टक्के आणि वर १०. एकाच शिवारावर दोघांचा हक्क. आता रंग कोणता भरणार?

डेटाबेसमध्ये गावाला एकच मालक ठेवणं सोपं पडतं, एवढंच. ती आमची सोय मुलांच्या माथी का मारायची? माढ्यावर बोट ठेवलं की दोन्ही वसुल्या दिसू देत, सीमा पुसट राहू देत. आणि खळ्यावरून कोण किती नेत होतं, ते सगळ्यात आधी.