तात्पर्य नसलेल्या पुस्तकांची गरज

मराठी मध्यमवर्गीय घरातील चार-पाच वर्षांच्या मुलाचा पुस्तकांचा कप्पा आज सहसा दोन भागांत विभागलेला आढळतो. एका बाजूला इंग्रजी चित्रपुस्तके असतात. गुळगुळीत कागद, पानभर पसरलेले रंग, पायजमा घालून झोपायला नकार देणारे डायनासोर, चहाला येऊन घर रिकामे करणारे वाघ. दुसऱ्या बाजूला मराठी पुस्तके असतात. त्यांत शिवचरित्र असते, संतकथा असतात, शुभंकरोतीचे पुस्तक असते, इसापनीती असते. पहिल्या बाजूची पुस्तके मूल स्वतः ओढून काढते. दुसऱ्या बाजूची त्याला काढून द्यावी लागतात. परिणामी त्या बालजीवाच्या मनात, कोणीही न शिकवता, एक समीकरण पक्के होत जाते. हसायचे ते इंग्रजीत आणि ऐकून घ्यायचे ते मराठीत. मातृभाषेच्या भवितव्याविषयी परिसंवाद भरवणाऱ्या समाजाने या समीकरणाची धास्ती घ्यायला हवी. ते वयाच्या पाचव्या वर्षी पक्के झाले, तर पुढे शाळेच्या माध्यमाचा कोणताही वाद ते मोडू शकत नाही.

याचा दोष परकीय प्रकाशकांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु पुस्तक प्रदर्शनात मराठी पालक काय विचारतात, ते कान देऊन ऐकावे. पुस्तक चाळून झाले की प्रश्न येतो, "यातून मुलाला शिकायला काय मिळेल?" शेवटच्या पानावर तात्पर्य सापडले नाही की पुस्तक पुन्हा मांडणीवर जाते. संस्कारांची काळजी वाहणाऱ्या घरांत हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारला जातो, हेही मान्य केले पाहिजे. चरित्रे हवीतच, त्याविषयी दुमत नाही. पण ज्यांनी शाखेचे मैदान पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट सांगावी लागू नये. बाल स्वयंसेवकाला संध्याकाळी घरातून बाहेर खेचून आणतो तो खेळ, बौद्धिक नव्हे. खेळात कोणी तात्पर्य सांगत नाही. तरीही जे घडायचे ते तेथे घडते. मैदानावर ज्यांनी हे सूत्र इतकी वर्षे यशस्वी करून दाखवले, त्यांनाच पुस्तकाच्या बाबतीत त्याचा विसर पडावा, हे नवल आहे.

तऱ्हेवाईक चित्रपुस्तक म्हणजे काहीतरी वेडेवाकडे लिहून त्याखाली रंग फासणे नव्हे. त्याचे शास्त्र कठोर आहे. शब्द जे सांगतात तेच चित्राने पुन्हा सांगायचे नसते. शब्दांनी "घरात सारे शांत होते" असे म्हणावे आणि चित्रात पलंगाखालून शेपूट डोकवावे; मुलाला ते शेपूट आईच्या आधी दिसते आणि त्याचा आनंद गगनात मावत नाही. पान उलटण्याचा क्षण हाच त्यातील नाट्याचा क्षण असतो. शिवाय कल्पनेला तिचे स्वतःचे नियम असावे लागतात. हत्ती उडतो असे एकदा ठरले, की तो उतरतो कसा आणि त्याला झाड कोणते पेलते, याचा हिशेब चोख ठेवावा लागतो. हे सारे दोन-तीनशे शब्दांत. म्हणून जगातील उत्तम चित्रपुस्तकांत लेखक आणि चित्रकार एकच, किंवा एकाच तालमीत मुरलेली जोडी, असे वारंवार दिसते.

भारतात या परंपरेचा सर्वोच्च मानबिंदू शोधायचा तर बंगालमध्ये जावे लागते. सुकुमार राय हे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचे पदवीधर. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी स्वतः बालसाहित्यिक, चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ होते. हाफटोन छपाईवरील त्यांचे शोधनिबंध इंग्लंडमधील 'पेनरोज'च्या वार्षिकात प्रसिद्ध होत असत. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी 'संदेश' मासिक सुरू केले. त्याआधी १९११ साली सुकुमार मुद्रण आणि छायाचित्रण शिकायला इंग्लंडला गेले होते. तिकडच्या विनोदी बालवाङ्मयाचा त्यांच्यावर प्रभाव होता, यात शंका नाही. परंतु परतल्यावर त्यांनी जे केले ते नक्कल करणाऱ्याचे काम नव्हते. बंगाली शब्दच त्यांनी एकमेकांत अडकवले. 'हांस' आणि 'सजारू', म्हणजे बदक आणि साळिंदर, यांचा 'हांसजारू' झाला. बगळा आणि कासव मिळून 'बकच्छप' झाला. शब्दातून प्राणी जन्मला आणि त्याच हाताने त्याचे चित्र काढले. ते चित्र इतक्या गंभीर चेहऱ्याने काढलेले असे, की असा प्राणी हावड्याच्या पुलाखाली राहत असावा, असे वाटावे. 'ह-ज-ब-र-ल' या कथेत तर हातरुमालाचे बघता बघता मांजर होते.

१९२१च्या सुमारास त्यांना काळा आजाराने गाठले. अंथरुणावर पडल्या पडल्या 'आबोल ताबोल' या संग्रहाची जुळणी आणि चित्रे यांचे काम त्यांनी चालूच ठेवले. १० सप्टेंबर १९२३ रोजी वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुस्तक बाहेर आले ते त्यानंतर नऊ दिवसांनी. घरात तेव्हा दोन वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव सत्यजित. मृत्यू समोर दिसत असताना हा मनुष्य मुलांना हसवण्याची सामग्री बिनचूक छापून जावी म्हणून झटत होता. ज्या कामाला आपण 'पोरखेळ' म्हणून बाजूला सारतो, त्या कामाची ही प्रतिष्ठा. बंगाली घरांत शंभर वर्षांनंतरही ते पुस्तक आजोबा नातवाला वाचून दाखवतात आणि दोघेही हसतात. बंगाली माणसाच्या भाषाभिमानाची आपण वाखाणणी करतो. त्या अभिमानाच्या मुळाशी हे हसणे आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

इंग्रजांचेही पाहावे. १९९९ साली आलेले 'ग्रफेलो' हे पुस्तक आज आपल्याकडील अनेक मुलांना पाठ असते. त्याचे मूळ वाघ आणि कोल्ह्याच्या एका चिनी लोककथेत आहे. लेखिका जुलिया डोनाल्डसन यांना वाघाचे यमक जुळेना, म्हणून त्यांनी यमकात बसेल असा एक प्राणीच बनवला आणि अॅक्सेल शेफलर यांनी त्याला रूप दिले. कथा चीनची, गंमत मात्र अस्सल इंग्रजी. आणि बलवानाला बुद्धीने नमवणारा लहानगा जीव आपल्याला नवा आहे काय? पंचतंत्रातील ससा विहिरीत सिंहाला त्याचे प्रतिबिंब दाखवतो, तेव्हा तो तेच करतो. ती पुंजी घरात असताना आपण तिचे काय केले? प्रत्येक आवृत्तीखाली तात्पर्य छापले.

या दोन्ही उदाहरणांतून दिसते ते असे, की तऱ्हेवाईकपणा भाषेच्या पोटातून येतो. म्हणून तो आयात करता येत नाही. अनुवादात कथा येते, चित्र येते. पण शब्दाची कोलांटउडी मागेच राहते. मराठीत ही सामग्री काय थोडी आहे? कासव आणि वाघ एकमेकांशेजारी ठेवा, 'कासवाघ' आपोआप तयार होतो. दोघांमधला 'व' जणू त्यासाठीच वाट पाहत होता. हा कासवाघ सावज दिसताच झेप घेण्यास निघतो आणि पोहोचेपर्यंत सावजाला नातवंडे झालेली असतात. डुगडुगणे, लुकलुकणे, बदाबदा, टणाटण, ठेंगू, ढब्बू यांसारखे शब्द उच्चारताच मुलाच्या ओठांना खेळ मिळतो. हे भांडार वापरणारे कमी आहेत, इतकेच.

कोणी म्हणेल, हा सारा पाश्चात्त्य प्रकार. आपल्या परंपरेत याला स्थान नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ओडिशात पंधराव्या शतकातील सारळा दास यांच्या महाभारतात भगवान श्रीकृष्ण अर्जुनापुढे 'नवगुंजर' रूपात प्रकटतात. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाचे शेपूट, पाय हत्ती-वाघादींचे, आणि एक हात माणसाचा. पट्टचित्रकार ते रूप आजही मोठ्या प्रेमाने रंगवतात. महाराष्ट्राच्या गडकोटांवर मुलांना नेणाऱ्यांनी दरवाजावरील शरभ पाहिलेला असतोच: धड सिंहाचे, कधी पंख, काही शिल्पांत पंजांत चक्क हत्ती. मूल तेथे थबकते आणि विचारते, "हा काय खातो?" मोठी माणसे त्याला बुरुजाची उंची सांगत पुढे नेतात. चित्रपुस्तक त्या थबकण्यातच असते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी पाहिली तरी हेच कळेल. एकेक चित्र समोर धरायचे, त्यावर रामायण-महाभारतातील कथा गायची, मग पुढचे चित्र. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते 'पोथी' म्हणतात. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सत्कार पुष्कळ झाले. त्या शैलीतील मुलांची पुस्तके किती घरांत पोहोचली, हा प्रश्न विचारायला हवा.

मराठीत काहीच झाले नाही असे नव्हे. विंदा करंदीकरांसारख्या ज्ञानपीठविजेत्या कवीने १९६१ साली 'राणीची बाग' लिहून प्राण्यांची धमाल उडवली; बालकवितेने आपली उंची कमी होईल असे त्यांना वाटले नाही. 'चांदोबा'च्या चित्रांवर काही पिढ्या वाढल्या. १९५२पासून मराठीत येणारे ते मासिक २०१३ साली थांबले. अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे यांनी लेखन आणि चित्रे या दोन्ही अंगांनी केलेले काम असाधारण आहे. 'राधाचं घर'मध्ये उपदेशाचा लवलेश नाही. घरातील माणसे त्यांच्या बारीकसारीक लकबींसह तेथे वावरतात आणि मूल स्वतःचे घर ओळखते. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या त्या कन्या. एकाच घरातून महाराष्ट्राला 'राजा शिवछत्रपती' मिळाले आणि 'राधाचं घर'ही मिळाले. या दोहोंत विरोध पाहणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

अडचण अर्थकारणाचीही आहे. रंगीत छपाईत चार रंगांच्या चार प्लेटा लागतात. बहुभाषी प्रकाशक एकाच चित्रावर अनेक भाषा छापताना मजकूर केवळ काळ्या रंगात ठेवतो आणि भाषेगणिक काळी प्लेट तेवढी बदलतो. खर्च वाटला जातो, पुस्तक स्वस्त पडते. मात्र मराठी मजकुराला दुसऱ्या भाषेने सोडलेल्या जागेत अंग चोरून बसावे लागते, वेलांट्या-उकारांना श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. केवळ मराठीसाठी, मराठी शब्दांभोवती चित्र रचून काढलेले पुस्तक याहून महाग पडते, आणि ते महाग पुस्तक विकत घेणारा मराठी माणूस शोधावा लागतो. तोच माणूस वाढदिवसाच्या केकवर त्याच्या कितीतरी पट खर्च करतो, हे वेगळे सांगायला नको.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रारंभिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पेढे वाटले गेले. अभिजाततेचा निधी शिलालेख आणि हस्तलिखितांकडे जाईल, जावाही. परंतु परिवारातील शिक्षणसंस्था, ग्रंथालये आणि बालवर्ग यांना शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. बालवर्गाच्या वाचनकोपऱ्यात दहा चरित्रांमागे पाच निव्वळ गमतीची मराठी चित्रपुस्तके ठेवता येतील. कलामहाविद्यालयातील विद्यार्थ्याला पिंगुळीच्या कलावंतांकडे महिनाभर राहायला पाठवता येईल. दिवाळी अंकातील एखाद्या जाहिरातीच्या खर्चात एक नवे चित्रपुस्तक उभे राहण्यास हातभार लागेल. आणि पुढच्या प्रदर्शनात पुस्तक उचलल्यावर पालकांनी शेवटचे पान न उघडता मधले एखादे पान मुलापुढे धरावे. मूल खुदकन हसले, तर पैसे मोजून पुस्तक पिशवीत टाकावे.