जठराला चिकटलेला जंतू आणि जपानचा धडा

आपल्या वयाच्या अनेकांच्या उशाशी ॲसिडिटीची गोळी असते. पोट जळले की गोळी, करपट ढेकर आली की गोळी. माझे स्पष्ट मत असे की, आपल्यापैकी काहींनी ही गोळी वर्षानुवर्षे घेत राहण्यापूर्वी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी एकदा करून घ्यावी. मात्र सरसकट सर्वांनी तिच्यामागे धावू नये.

हा जंतू १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी शोधला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जठरातील तीव्र आम्लात जंतू टिकत नाहीत, असा त्याआधी समज होता. पण हा जंतू स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लाचा जोर मोडतो, शेपट्या हलवत बुळबुळीत थरात शिरतो आणि खालच्या पेशींना चिकटतो.

हे चिकटणे महत्त्वाचे आहे. जठर सारखे हलत असते. जो जंतू धरून बसत नाही तो अन्नाबरोबर पुढे वाहून जातो. आपल्या पेशींवर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. आपला रक्तगटही अशाच साखळ्यांवरून ठरतो. या जंतूच्या अंगावरचे एक प्रथिन त्यांपैकी ‘लुईस बी’ नावाच्या साखळीत कुलपात किल्ली बसावी तसे बसते. जठराला सूज आली की पेशींवर आणखी एका प्रकारची साखळी वाढते, आणि जंतूला धरायला दुसरा आधार मिळतो. म्हणून हा पाहुणा एकदा आला की सहसा आपणहून जात नाही.

काही जंतू याहून पुढे जातात. सुईसारख्या नळीतून ते ‘कॅग-ए’ नावाचे प्रथिन पेशीच्या आत सोडतात. हे प्रथिन पेशीच्या वाढीचे संदेश कसे बिघडवते, ते जपानचे मासानोरी हाताकेयामा यांनी २००२ साली दाखवले. पूर्व आशियातील जंतूंचे कॅग-ए अधिक जोरदार असते. जपानमध्ये जठराचा कर्करोग इतका का, याचे एक कारण त्यात आहे.

दुसरा पुरावा हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातला. नाओमी उएमुरा आणि सहकाऱ्यांनी १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षे लक्ष ठेवले. जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पुढे फेब्रुवारी २०१३ पासून, दुर्बिणीने जठराची जुनाट सूज आढळली आणि जंतूही सापडला, तर उपचाराचा खर्च जपानच्या सरकारी विम्यातून मिळू लागला.

मग आपणही तसेच करावे का? मला वाटते, नाही. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू आहे, तरी जठराचा कर्करोग जपानच्या मानाने आपल्याकडे बराच कमी. शिवाय उपचारात दोन-तीन अँटिबायोटिक्स एकत्र घ्यावी लागतात, आणि आपल्याकडे त्यांतल्या काहींना हे जंतू आताच दाद देत नाहीत. सर्वांनाच औषध दिले तर ही अडचण वाढेल.

पण पुढील मंडळींनी डॉक्टरांकडे विषय जरूर काढावा: ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे; ज्यांच्या आई-वडील वा भावंडांना जठराचा कर्करोग झाला होता; जे हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या रोज घेतात; ज्यांचे रक्त कारण न सापडता कमी होते. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची करावी. रक्ताच्या तपासणीत जुना, बरा झालेला संसर्गही दिसू शकतो. आम्ल कमी करणारी गोळी तपासणीपूर्वी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे लागते, तेही डॉक्टरांना विचारूनच. उपचार सुरू केला तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. संपल्यावर जंतू गेला की नाही, हे पुन्हा तपासावे. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडचण किंवा विनाकारण वजन घटणे दिसल्यास तपासण्यांचा घोळ न घालता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

एक शंका अनेकांना येईल: किद्दुशचा प्याला सर्वांनी ओठाला लावावा का? हा जंतू बहुधा बालपणीच घरातल्या माणसांकडून येतो. उतारवयात नव्याने येणे क्वचितच. तेव्हा या जंतूच्या भीतीने प्याला टाळण्याचे कारण नाही. पण आजीने स्वतः चावून मऊ केलेला घास नातवाला भरवू नये. कोकणातल्या विहिरींचे पाणी पीत वाढलेल्या आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हा जंतू लहानपणीच मिळाला असेल. तो पुढच्या पिढीला न देणे मात्र आपल्या हातात आहे.